चारशे इन वन घ्यावं का? (भाचा येतोय, सल्ला पाहिजे)

बगळा_रंकाळ्याचा | १८ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

ताईचा मुलगा परीक्षा संपली की महिनाभर आमच्याकडे शिवाजी पेठेत येतो. वय दहा. गेल्या मे महिन्यात माझा मोबाईल माझ्यापेक्षा त्याच्याच हातात जास्त होता. आमच्या साहेबांचा फोन त्यानं दोनदा 'मामा आंघोळीला गेलाय' असं सांगून ठेवून दिला, कारण मॅच रंगात आली होती. यंदा ताईची सक्त ताकीद आहे, मोबाईल द्यायचा नाही. पण पोरगं महिनाभर करणार काय? गल्लीत क्रिकेट खेळायची सोय राहिली नाही, दोन्ही बाजूंना गाड्या.

काल महाद्वार रोडला एका गाड्यावर तो गेम दिसला. तुम्ही बघितला असेलच. तळहाताएवढा, वर ठसठशीत '४०० इन १'. तीन इंची रंगीत स्क्रीन, मागं जुन्या नोकियात असायची तसली बीएल-५सी बॅटरी, टीव्हीला जोडायची वायर आणि दुसऱ्या गड्यासाठी शेपटीसारखा लोंबणारा एक रिमोट. गाडीवाला आठशे म्हणाला. मी 'नको' म्हणून निघालो तर साडेपाचशे. चार पावलांवर साडेचारशे. भाव इतक्या झपाट्यानं उतरला की घ्यायचीच भीती वाटली.

पाचेक मिनिटं उभ्या उभ्या खेळलो. गाड्यावरच्या बल्बखाली तरी स्क्रीन झकास. मारिओ उघडला. संगीत तेच, फक्त मारिओला सर्दी झाल्यासारखं. उडीचं बटण मात्र दाबलं की आत जातं आणि वर यायला वेळ लावतं, तेवढ्यात मारिओ खड्ड्यात. मी तीनदा मेलो. गाडीवाला म्हणाला, "सवय झाली की होतंय."

तर प्रश्न असा: हे घ्यावं, की साडेतीन-चार हजारांना ऑनलाइन ते आर३६एस नावाचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र मिळतं ते घ्यावं? आणि ह्यात खरोखर चारशे गेम असतात का?

तिकटीवरचा | रात्री ९.५२

घे की मर्दा. चारशे गेम साडेचारशेला म्हंजे एक गेम सव्वा रुपयालासुदिक पडत न्हाई. मिसळ खाताना एवढा इचार करतोस काय?

सांगलीकर_भडंग | रात्री १०.०५

आमच्याकडे हेच साडेतीनशेला मिळतं.

तिकटीवरचा | रात्री १०.०६

मग तिकडंच ऱ्हावा.

सोल्डरवाला | रात्री ११.२०

उद्यमनगरजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दर मे महिन्यात असली दहा-बारा यंत्रं टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उघडलं तर आत जवळजवळ काहीच नसतं. एक हिरवी पाटी आणि मधोमध डांबराचा थेंब सांडल्यासारखा काळा गोळा. त्या इपॉक्सीच्या गोळ्याखाली चिप. तिला नाव नाही, नंबर नाही, पाय नाहीत. ती गेली की यंत्र गेलं. त्या एका चिपमध्ये अख्खा 'फॅमिकॉम' बसवलाय, म्हणजे निन्टेन्डोनं १९८३ साली जपानात काढलेला घरगुती गेम. आपल्याकडं नव्वदीत 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं ती त्याचीच नक्कल होती. आधी नकलेलासुद्धा बऱ्याच चिपा लागायच्या, नंतर सगळं एकाच चिपमध्ये मावायला लागलं. साडेचारशेला परवडतं ते त्यामुळं.

चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. तीन इंचावर ते छान दिसतं. पन्नास इंची टीव्हीला लावलंत तर मारिओच्या मिशीचे चौकोन मोजता येतील.

आता बटणांचं. बटणाखाली रबराची चादर असते, तिच्या पोटात कार्बनच्या काळ्या टिकल्या. टिकली पाटीवर टेकली की सर्किट जुळतं. स्वस्तातलं रबर एक तर फार कडक असतं नाही तर पोचट. तेव्हा चारशेचा आकडा विसरा. गाड्यावरचे चार नग हातात घ्या आणि प्रत्येकाचं उडीचं बटण वीस वेळा पटापट दाबून बघा. एकाच खोक्यातल्या दोन नगांत जमीन-अस्मानाचा फरक सापडेल.

बॅटरी. खऱ्या बीएल-५सीवर १०२० एमएएच क्षमता छापलेली असायची. ह्यांच्यावर काय वाट्टेल ते छापतात. एका गिऱ्हाईकानं मागं एक फॅनवाला गेमपॅड आणला होता, त्यातल्या सेलवर ९९०० लिहिलेलं. तो १८६५० साइजचा सेल, त्यात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलासुद्धा साडेतीन हजाराच्या आसपासच बसवता येतं. असो. बॅटरी वेगळी घ्या, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणीचा आर-नंबर छापलेली. रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. पाठीचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय असं समजून पोराच्या हातातून काढा, आणि कृपा करून तिला टाचणी मारू नका. लोक मारतात.

शेवटचं. त्या दुसऱ्या रिमोटचं भोक यूएसबीसारखं दिसतं, पण ते यूएसबी नव्हे. त्यात चार्जर खुपसलेले दोन नग आत्ता माझ्या टेबलावर आहेत.

बगळा_रंकाळ्याचा | रात्री ११.३१

दादा, दंडवत. मी घरी आणून पहिल्यांदा नेमकं तेच केलं असतं.

आई_वैतागलेली | १९ एप्रिल, सकाळी ७.१५

मुलाला ब्रिक गेम द्या. आमच्या लहानपणीचा, राखाडी पडद्यावर काळ्या चौकोनांचा. दोन पेन्सिल सेल, चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी फुगायची भीती नाही. त्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि गेम असायचे आठ-दहा, बाकी सगळे तेच वेगळ्या वेगानं. तरी आम्ही दोघी बहिणींनी एकावर चार वर्षं काढली. सेल उतरले की काढून उन्हात ठेवायचे, मग संध्याकाळी आणखी अर्धा तास चालायचा.

त्याचा तो टिटिट आवाज मात्र आजही कानात आला तर डोकं उठतं.

लिंबूटिंबू | सकाळी ८.०२

ब्रिक गेमला +१. मैदान दहा चौकोन रुंद, वीस चौकोन उंच. त्यातून टेट्रिस, साप, रणगाडा, मोटार शर्यत, सगळं काढलेलं. मोटार म्हणजे पाच-सात ठोकळे, आणि तरी वळणावर आपण अंग वाकवायचो.

गंगावेसकर | सकाळी १०.४५

हा धागा बघून रजा टाकावीशी वाटली.

आमच्या वाड्यात १९९६ साली टीव्ही गेम आला. मालक अर्थातच एकच, पण खेळणारी पोरं अकरा. नियम असा होता की मेला की रिमोट पुढच्याला. ज्याच्या घरचा गेम, त्याला एक जीव जास्त. कॅसेट पिवळ्या रंगाची. आम्ही कॅसेटच म्हणायचो, कार्ट्रिज हा शब्द मला नोकरी लागल्यावर कळला. कॅसेटवर '९९९९९९ इन १'. सुट्टीत आम्ही खरंच मोजायला बसलो होतो. सात गेम निघाले. आठव्यापासून मारिओच पुन्हा, फक्त दुसऱ्या पातळीवरून सुरू होणारा. पण दुकानदारावर रागवायचं कुणाला सुचलंच नाही, उलट थेट आठव्या पातळीवर जाता येतंय म्हणून आम्ही खूश.

गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकर मारण्यात एक वाकबगार पोरगा होता, त्याला बाकीच्या वाड्यांतले बोलवायला यायचे.

आणि कॉन्ट्रा, तो गोळीबाराचा गेम! सुरुवातीला बटणं ह्या क्रमानं दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव. सतराचा पाढा आजही अडखळतो, हे कधी चुकत नाही.

सोल्डरवाला | सकाळी ११.१०

@गंगावेसकर, वाईट बातमी. फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत खुपसली की पट्ट्या घासून बसतात, त्यानं चालायचं. उलट तोंडातल्या ओलीनं पट्ट्यांना गंज चढायचा.

गंगावेसकर | सकाळी ११.१४

माझं बालपण परत करा.

तिकटीवरचा | सकाळी ११.२०

त्या वाकबगार पोराला सांगू नगा, आता कुठंतरी इंजिनिअर असंल.

पुणेरी_तिरकस | दुपारी १.३०

इतके प्रतिसाद झाले, पण मूळ मुद्दा कुणीच मांडला नाही. हे सगळे गेम चोरीचे आहेत. चारशे गेमपैकी एकाचाही परवाना त्या गाडीवाल्याकडे नाही आणि बनवणाऱ्याकडेही नाही. मुलाला चोरीच्या वस्तूवर वाढवायचं का, हा विचार पालकांनी करावा. अधिकृत वस्तू घेणं परवडत नसेल तर पत्ते, कॅरम, व्यापार हे खेळ आहेत.

तिकटीवरचा | दुपारी १.३२

आले. मी चुरमुरे घिऊन बसतो.

लिंबूटिंबू | दुपारी १.५०

तिरकसराव, अर्धं बरोबर आहे. त्या जुन्या यंत्रावरची पेटंटं केव्हाच संपली, त्यामुळे तसं यंत्र कुणीही बनवू शकतं. गेमचा कॉपीराइट मात्र जिवंत आहे, तिथं तुमचं म्हणणं खरं. पण हे रस्त्यावरच्या साडेचारशेच्या वस्तूला लावायचं आणि आपण सगळ्यांनी कॉलेजात जी सॉफ्टवेअरं वापरली त्याचं काय, तुमच्यासकट?

पुणेरी_तिरकस | दुपारी १.५८

मी कॉलेजात सॉफ्टवेअर वापरलं नाही. मी संस्कृत घेतलं होतं.

गंगावेसकर | दुपारी २.००

हे मान्य करावं लागेल. ओव्हर टू लिंबूटिंबू.

अनिवासी_कट | दुपारी ३.२५

बंगळुरातून लिहितोय (मिसळीचा फोटो कुणीही टाकू नये). आर३६एस माझ्याकडे वर्षभर आहे, त्याबद्दल सांगतो.

साडेतीन इंची स्क्रीन, ६४० बाय ४८०. ही सगळ्यात मोठी जमेची बाजू, चित्र काचेवर छापल्यासारखं दिसतं. आत आरके३३२६ चिप, एक जीबी रॅम, वर लिनक्स. दोन मेमरी कार्डांच्या खाचा, एकात सिस्टीम, एकात गेम. जुन्या फॅमिकॉमपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं व्यवस्थित पळतं. त्यापुढचं म्हणजे पीएसपी (सोनीचं हातातलं प्लेस्टेशन) वगैरे, काही पळतं, काही रखडतं. जाहिरातीत मात्र पीएसपीचाच फोटो असतो.

आता गोम अशी की नकलेच्या ह्या वस्तूचीही नक्कल निघालीय. बाहेरून डिट्टो, आतली पाटी वेगळी. माझा पहिला नग तसला निघाला. मी हौसेनं नेटवरून ताजी सिस्टीम कार्डावर चढवली आणि काळी स्क्रीन. दोन रात्री घालवल्या. मग कळलं की स्क्रीनची माहिती देणारी फाइल त्या त्या पाटीप्रमाणे वेगळी लागते. तेव्हा पहिला नियम: आलं की आधी मूळ कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. दुसरा: सोबत येणारं कार्ड अगदी सुमार असतं, ते कधीही मान टाकतं. चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या, तो खर्च किमतीत धराच.

आणखी एक, माझा नग सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या, वायरीनं चार्ज होत नाही. मोबाईलच्या जुन्या चार्जरला, एका बाजूला चपटं यूएसबी असलेल्या वायरीनं होतो.

दहा वर्षांच्या मुलाला देऊ नये असं माझं मत. चांगलं नाही म्हणून नव्हे. हजारो गेमची यादी उघडते आणि माणूस अर्धा तास नुसता यादी सरकवतो. मीही तेच करतो. वर्षात मी पुरा केलेला गेम एक.

सोल्डरवाला | दुपारी ४.०५

सी-टू-सीचं कारण सोपं आहे. त्या भोकाच्या दोन पायांना ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावावे लागतात, म्हणजे चार्जरला कळतं की समोर वीज मागणारा कुणीतरी आहे. काही पैशांचे दोन रेझिस्टर वाचवतात. चपट्या यूएसबीला असली विचारपूस नसते, म्हणून तिथं चालतं.

आई_वैतागलेली | दुपारी ४.३०

यादी सरकवण्याचं अगदी पटलं. आमच्याकडं टीव्हीवर सिनेमा निवडण्यात जेवण संपतं.

झणझणीत | संध्या. ६.१०

ही हातातली गेमयंत्रं राहू द्या, मोबाईलला लावायच्या वस्तूंवर कुणीतरी लिहा. मी त्यात आतापर्यंत दीड-दोन हजार घातलेत, माझ्या चुका तरी कुणाच्या कामी येऊ देत.

पहिलं, ट्रिगर. फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखे लावायचे, दोन तर्जन्यांनी दाबायचे. साधे असतात, पण खरंच चालतात. आत धातूची पट्टी असते, ती आपल्या बोटाचा स्पर्श स्क्रीनपर्यंत पोचवते. साठ-सत्तर रुपयांत ह्यापेक्षा उपयोगी वस्तू नाही. फक्त फोनला जाड कव्हर असेल तर बसत नाहीत, आणि काचेवर ओरखडा उठला तर मला सांगू नका.

दुसरं, बोटांच्या टोप्या. अंगठ्याला घालायच्या, चांदीचा धागा विणलेला असतो म्हणे. घाम आला तरी अंगठा सरकतो. एप्रिल-मे महिन्यात ह्याचा खरा उपयोग. मी पहिल्यांदा घातल्या तेव्हा आजीनं हळद आणली. तिला वाटलं, दोन्ही अंगठे कापले.

तिसरं, फोन थंड करायचा पंखा. ह्यात दोन जाती. एकात नुसता पंखा, तो आवाज करतो, बाकी काही नाही. दुसऱ्यात पेल्टियरची चकती, वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. ही जात खरंच फोन गार करते. इतका की जुलैमध्ये माझ्या फोनच्या पाठीवर दव धरलं, कोल्हापूरचा पाऊस म्हणजे हवेत पाणीच. पावसाळ्यात वापरू नका.

चौथं, स्क्रीनला चिकटवायची जॉयस्टिक. रबरी वाटी दाबून बसवायची, बाथरूममधल्या साबणदाणीसारखी. आणि साबणदाणीसारखीच ती ऐन वेळी सुटते. एकदा थेट आमटीत.

तिकटीवरचा | संध्या. ६.१५

आमटी तांबडी का पांढरी त्यो खुलासा व्हावा.

झणझणीत | संध्या. ६.१६

डाळीची. गुरुवार होता.

कळंब्याची_काकू | संध्या. ७.००

माझ्या लेकानं टीव्हीत खुपसायची काडी आणलीय, 'दहा हजार गेम' आणि '४के' लिहिलेली. सोबत दोन बिनवायरीचे रिमोट, त्यात दोन-दोन बारके सेल. खेळतो तो एकच गेम, मारामारीचा, आणि तो यादीत वेगवेगळ्या नावांनी नऊ वेळा आहे. रिमोटांचे सेल मात्र आठवड्याला चार. गेमचा खर्च एकदाच, सेलचा खर्च कायमचा. घेणाऱ्यांनी चार्जिंगचे सेल घ्यावेत.

सोल्डरवाला | संध्या. ७.२०

काकू, ते '४के' खोक्यावरचं. काडी टीव्हीला मोठं चित्र पाठवते, पण आतला गेम तेवढाच चिमुकला. बोन्साय मोठ्या कुंडीत लावला म्हणून वड होत नाही.

गंगावेसकर | संध्या. ८.४०

नकलेवरून आठवलं. आमच्या मामेभावाला कुणीतरी दुबईहून 'प्लेस्टेशन' आणलं होतं. सगळी गल्ली जमली. खोक्यावर नीट वाचलं तर 'पॉलीस्टेशन'. वरचं सीडीचं झाकण ऐटीत उघडलं, आत सीडीची जागाच नाही, पिवळी कॅसेट खुपसायची खाच. मामा म्हणाले, "पोलीस स्टेशन असतं तरी बरं, तक्रार तरी घेतली असती."

तसं आमचं मूळ यंत्रही अजून माळ्यावर आहे, बंदुकीसकट. ती बदकं मारायची बंदूक. दोन वर्षांपूर्वी पोरांना दाखवायला काढली, नव्या एलईडी टीव्हीला जोडली. गेम लागला, बदकं उडाली, बंदूक मात्र ठार. एकही बदक पडेना, आणि प्रत्येक वेळी तो कुत्रा गवतातून वर येऊन हसतोय. बंदूक बिघडली असणार. दादा, दुरुस्त होईल?

सोल्डरवाला | रात्री ९.१५

तुमची बंदूक बहुतेक ठणठणीत आहे. टीव्ही चुकीचा आहे.

त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती बघते. नळीत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर. तुम्ही घोडा ओढला की गेम एका क्षणापुरती पूर्ण स्क्रीन काळी करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीनं आधी अंधार आणि मग उजेड पाहिला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागोमाग एक येतात, कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक ते ठरतं. हा सगळा खेळ सेकंदाच्या साठाव्या भागाचा. जुन्या नळीच्या टीव्हीवर सिग्नल आला की त्याच क्षणी चित्र उमटतं. एलईडी टीव्ही मध्ये थोडा विचार करतो, चित्र घासूनपुसून दाखवतो, तोवर गेमची वाट बघायची वेळ संपलेली असते.

गंगावेसकर | रात्री ९.२२

म्हणजे आम्ही बल्बकडे नेम धरून गोळी मारली की बदक पडायचं, ते...

सोल्डरवाला | रात्री ९.२४

नकलेच्या बंदुकीत टीव्हीचाच उजेड निवडणारं गाळणीचं सर्किट नसायचं. तिला उजेड म्हणजे उजेड, बदकाचा काय आणि बल्बचा काय.

गंगावेसकर | रात्री ९.२५

आज दुसऱ्यांदा बालपण गेलं. आम्हाला वाटायचं आम्हीच शोध लावला.

लिंबूटिंबू | रात्री ९.५०

अवांतर: डावीकडचं ते अधिक चिन्हासारखं बटण आहे ना, ते गुनपेई योकोई नावाच्या निन्टेन्डोच्या माणसानं १९८२ च्या एका घडीच्या गेमसाठी काढलं. त्याच माणसाचा पुढं १९८९ चा गेम बॉय. चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा, मागं दिवासुद्धा नाही. त्या काळी रंगीत स्क्रीनचे प्रतिस्पर्धी होते, पण ते सेल खायचे. योकोईचं म्हणणं असायचं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्यातून नवा खेळ काढा. गंमत म्हणजे आज ते सूत्र गाड्यावरचा चारशे इन वन अर्धंच पाळतो. जुनं आणि स्वस्त एवढं घेतलं, बाकी सोडलं.

शाहू_स्टेडियम_गॅलरी | रात्री १०.३०

चारशेत फुटबॉल आहे का? भाचा शिवाजी पेठेत ऱ्हाणार म्हणजे टीम कुठली घ्यायची ते आधीच ठरलंय.

तिकटीवरचा | रात्री १०.३१

झालं. आता समोरच्या टीमचे पाटाकडीलवाले येणार आणि धागा बंद पडणार.

बगळा_रंकाळ्याचा | २० एप्रिल, सकाळी ९.००

सगळ्यांचे आभार. ठरलं: गाड्यावरचाच घेतो, सोल्डरवाले दादांच्या पद्धतीनं बटण तपासून. भाचा आला, दोन आठवडे खेळला, की अहवाल टाकतो. तिरकसराव, कॅरमही माळ्यावरून काढलाय, पावडर आणायची आहे.

पुणेरी_तिरकस | सकाळी ९.२०

पावडर बोरिक घ्यावी. टाल्कमनं सोंगट्या चिकटतात.

बगळा_रंकाळ्याचा | १२ मे, रात्री १०.१५

अहवाल.

गाड्यावर सहा नग दाबून बघितले. गाडीवाला वैतागला, पण पाचवा खरोखर वेगळा निघाला, बटण टकाटक वर येणारा. ४२० ला मिळाला. बॅटरी लक्ष्मीपुरीतून वेगळी घेतली, २५० ला. म्हणजे यंत्राच्या निम्म्याहून जास्त किमतीची बॅटरी. आईनं हा हिशेब तीन जणांना सांगितला.

पहिले चार दिवस पोरानं यंत्र खाली ठेवलं नाही. पाचव्या दिवशी कंटाळला असं वाटलं, तर वही घेऊन बसलेला. चारशेच्या चारशे गेम उघडून नावं लिहीत होता, एकसारख्या निघालेल्यांना रेघेनं जोडत. तीन दिवस चालला हा उद्योग. त्याच्या वहीप्रमाणे एकमेकांपासून वेगळे २६३. 'दोन मिनिटांत कळत नाही काय करायचं' असे त्यातले बरेच. 'परत खेळणार' ह्या सदरात १९. मी खाली सही केली.

आठव्या दिवशी बी बटण रुसलं. यंत्र घेऊन आम्ही दोघं सोल्डरवाले दादांकडं गेलो. त्यांनी स्क्रू भाच्यालाच काढायला लावले. रबराची टिकली स्पिरिटनं पुसली, पाटीवरची पट्टीही, आणि झालं. चहा त्यांनीच पाजला, पैसे घेतले नाहीत. (दादा, इथं लिहू नको म्हणाला होता, लिहिलं.) भाचा तो काळा गोळा बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "ह्याच्यात मारिओ कुठं असतो?" दादांनाही पटकन उत्तर सुचलं नाही.

शेपटीवाला रिमोट मात्र अगदी टाकाऊ. वायर दीड हात, दोघांना खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. बटणंही चुकार. तरी शेजारची तीन पोरं रोज दुपारी येतात आणि त्या टाकाऊ रिमोटसाठी भांडतात. आमच्या टीव्हीला पिवळी वायर लागत नाही, वेगळा जोड लागतो, तो अजून आणला नाही, म्हणून सगळे त्या तीन इंचावर डोकी लावून. 'मेला की पुढच्याला' हा नियम त्यांनी आपोआप काढला. गंगावेसकरांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवलेला नव्हता.

मोबाईल मागितला का? मागितला. रोज. पण आधीसारखा नाही.

आता नवीन भानगड. त्या बदकांचा गेम ह्यातही आहे, पण बंदुकीशिवाय, बाण सरकवून मारायचं. भाच्याला मी खऱ्या बंदुकीची गोष्ट सांगून बसलो. सुट्टीचे दहा दिवस राहिलेत. कुणाकडं नळीचा टीव्ही आहे का?

तिकटीवरचा | रात्री १०.२२

भंगारवाल्याकडं बघ. आमचा मागल्या दिवाळीत तीनशेला गेला, आता हळहळ वाटालीय.

आई_वैतागलेली | रात्री १०.४०

सासूबाईंच्या खोलीत आहे, २१ इंची, चालू. त्याच्यावर फुलदाणी आणि गणपती ठेवलेत, म्हणून कुणी काढला नाही. न्यायला दोघंजण या, एकट्याच्यानं हलणार नाही. रिक्षा तुमची. आणि परत आणून द्यायचा, गणपती सध्या कपाटावर ठेवते.

गंगावेसकर | रात्री १०.४४

यंत्र आणि बंदूक माझी. रविवारी दहाला येतो. एक सांगून ठेवतो, घोड्याची स्प्रिंग १९९८ सालीच गेलीय, आत बॉलपेनची घातलीय. ओढला की टिक असा आवाज येतो.

सोल्डरवाला | रात्री १०.५०

रविवारी माझं दुकान बंद असतं. मल्टीमीटर घेऊन येतो.

पुणेरी_तिरकस | रात्री ११.०५

मी शनिवारी कामानिमित्त कोल्हापुरात आहे. रविवारी दुपारची गाडी आहे. फक्त विचारतोय.

बगळा_रंकाळ्याचा | रात्री ११.०८

या की. पावडर आणलीय, बोरिक. खोलीतला बल्ब मात्र आम्ही काढून ठेवणार आहोत.